चोवीस व्होल्ट

कीथलीत शनिवारी सकाळी लोक कुत्रे फिरवतात,
मी चिमटा आणि पिशवी घेऊन निघते.
बसस्टॉपमागच्या गटारात, पबच्या पायरीपाशी
फेकलेल्या व्हेप पडलेल्या असतात:
कलिंगड, निळी रास्पबेरी, आंब्याचा नुसता आव.
आतला सेल मात्र अजून धडधाकट.
तीन पूर्णांक सात. मीटर खोटं बोलत नाही.
चार दिवस ओढून फेकून दिला कुणी
शेकडो वेळा भरता आला असता असा जीव.

गाडीही कुणीतरी टाकलेलीच.
जुनी लीफ, बारा रेघांतल्या सात उरलेल्या.
घरून निघताना बेचाळीस मैल दाखवते,
आणि ब्रॅडफर्डच्या चढावर ते आकडे
पंगत संपल्यावर पाहुणे उठावेत तसे उठतात.
मग हीटर बंद. मांडीवर सोलापुरी चादर.
श्रीरंगच्या नाकातून वाफ,
"पोहोचू ना?" एवढंच.
उतारावर चाकं थोडी वीज परत करतात,
एक मैल, दीड मैल.
न मागता उसनं फेडणारं
माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

बाबांचं इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं.
जळक्या मोटारीचं पोट उघडून
ते वेढे मोजत, ओठ न हलवता.
मध्येच हाक मारली तर रागवत नसत,
पहिल्यापासून मोजत.
फेकायच्या आधी एकदा तपासायचं, हा त्यांचा नियम.
वार्निशच्या वासाने मला अजून भूक लागते;
शाळेतून थेट दुकानात, डबा तिथेच.

आता गॅरेजात माझा संसार:
लॅपटॉपांची मेलेली पाकिटं,
फक्त मँचेस्टर पकडणारा रेडिओ,
टोस्ट धरून ठेवणारा टोस्टर,
आणि ट्रेडमिलची एक मोटार, जिचं काय करायचं
हे तीन वर्षं ठरत नाही.
श्रीरंग म्हणतो, हिचं एकदाचं लग्न लावून टाक.

मागच्या महिन्यात वादळाने वीज नेली.
सगळी टेकडी विझली.
मग भिंतीपलीकडून ठोके. तीन. पुन्हा तीन.
त्यांची किल्ली आमच्याच खिळ्यावर असते.
मिसेस ओल्ड्रॉइड, वय एक्क्याण्णव,
जिन्याच्या सरकत्या खुर्चीत
बरोबर मध्यावर अडकलेल्या,
मांडीवर पर्स, पायात सपाता,
काठीने भिंत बडवताहेत.

गॅरेजातून पेटी आणली. गटारातले एकशे चाळीस सेल,
सात-सातच्या माळा, वीस पदरी.
कपाळावर टॉर्च, दातात तांबडी वायर.
"वर की खाली?" मी विचारलं.

त्या गप्प.
जिन्याच्या वळणावर एक छोटी खिडकी आहे.
अकरा वर्षं त्या रोज चारदा तिच्यासमोरून सरकल्या,
खुर्ची मध्ये कधी थांबतच नाही.
आज गावात दिवा नव्हता, ढग फाटले होते.
"ते बघ," म्हणाल्या, "गिरणीचं छप्पर.
पंधराव्या वर्षी लागले तिथे. बॉबिन भरायला.
थांब जरा."

मी क्लिपा हातात धरून पायरीवर टेकले.
म्हटलं, माझे बाबाही वेढेच घालायचे. तांब्याचे.
"एका मोटारीला किती?"
मला आकडा ठाऊक नव्हता.
इतकी वर्षं शेजारी बसून
मी फक्त हात पाहिले होते.

पेटीत पंचवीस पूर्णांक चार.
वारा पत्र्यांतून जात होता.
कुणाचा तरी अलार्म लांबवर रडून रडून थांबला.

"खाली," त्या शेवटी म्हणाल्या, "चहा टाकते."
मी तांबडी जोडली, मग काळी.
खुर्ची गुरगुरली, हलली.

त्यांची किटली विजेची आहे,
हे मी काही बोलले नाही.